घर लावण्याआधी

१४ ऑगस्ट २०२५ रोजी माटुंग्याच्या यशवंत नाट्य मंदिरात वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तीन-चार पिढ्या १६० चौरस फुटांच्या खोलीत काढलेली ही कुटुंबं ५०० चौरस फुटांच्या घरांची मालक झाली. आमच्या भोईवाड्याच्या शेजारी नायगावला अशाच ४२ चाळी आहेत, ना. म. जोशी मार्गावर ३२ आहेत, आणि तिथेही पुनर्विकासाचं काम चालू आहे. त्याशिवाय परळ, लालबाग, दादरच्या कितीतरी पागडीच्या इमारती आणि गिरण्यांच्या चाळी पाडून त्या जागी टॉवर उभे राहिले आहेत किंवा राहताहेत. शंभर वर्षं एका खोलीत राहिलेला हा सगळा पट्टा एकाच पिढीत दोन-तीन खोल्यांच्या घरांत जातो आहे.

नवं घर मिळेपर्यंत माणसं अनेक वर्षं त्याविषयी बोलत असतात. करारनामा, कॉर्पस, संक्रमण शिबिर, भाड्याचे धनादेश, कोणता मजला, कोणती दिशा हे सारं घरातल्या आजीपासून कॉलेजात जाणाऱ्या नातवापर्यंत सगळ्यांना पाठ असतं. मात्र चावी हातात पडल्यावर त्या घरात काय मांडायचं आणि दिवे कुठे लावायचे, याचा निर्णय दोन-तीन रविवारांत उरकला जातो. कुणी ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात जाऊन मोठा सोफा ठरवून येतं, कुणी मोबाइलवरची चित्रं सुताराला दाखवतं, कुणी शेजाऱ्याने केलं तसंच करून घेतं. पुढची पंधरा-वीस वर्षं मग त्या दोन-तीन रविवारांशी जुळवून घेण्यात जातात. हे पुस्तक त्या रविवारांच्या आधी वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं आहे. घरातला दिवस आधी नीट पाहावा आणि वस्तू त्यानंतर निवडावी. पहाटे कोण उठतं, डबा कोण भरतं, अभ्यास कुठे होतो, दुपारी कोण झोपतं, पाहुणा कुठे टेकतो, म्हाताऱ्या माणसाला रात्री किती वेळा उठावं लागतं, या प्रश्नांच्या उत्तरांतून फर्निचर आणि दिवे ठरतात. जे या उत्तरांना धरून असतं ते वापरायला सोयीचं ठरतं, आणि माझा अनुभव आहे की ते दिसायलाही देखणं ठरतं. ही दृष्टी आपल्याला बाहेरून उसनी आणायची नाही. चाळीच्या खोलीने ती आपल्याला दिलेली आहे. जागा वाढली म्हणून ती टाकून देऊ नये, एवढंच.

या विषयाचं गिरणगावाशी असलेलं नातं जुनं आहे, म्हणून थोडं मागे जातो. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. तो गॅस पुरवणारी बॉम्बे गॅस कंपनी लालबागची. पत्ता सांगताना तिथले जुने लोक आजही ‘गॅस कंपनी’ची खूण देतात. याच गॅस कंपनीच्या शेजारी एका लहानशा शेडमध्ये १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी कुलुपं बनवायला सुरुवात केली. कुलुपांमागून तिजोऱ्या आल्या आणि १९२३ पासून पोलादी कपाटं. पुढे हे कपाट मराठी घराचा जणू सदस्यच झालं. लग्न ठरलं की गोदरेजचं कपाट घ्यायचं, त्यात दागिने, कागदपत्रं आणि शालू ठेवायचा, आणि त्याच्या आरशात घरातल्या सगळ्यांनी भांग पाडायचा. शहराच्या उजेडाचा आणि शहराच्या कपाटाचा इतिहास असा भोईवाड्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर सुरू झालेला आहे.

विजेची कथा मात्र वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांमध्ये विजेचे दिवे पसरले. तोवर सूर्य मावळला की काम थांबायचं. दिव्यांमुळे साचे अंधार पडल्यावरही चालू राहिले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत गेला. त्यावर ओरड झाली, चौकशा झाल्या आणि १९११च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या पुरुषांच्या कामाला बारा तासांची मर्यादा घातली. गिरणगावातल्या माणसाला विजेचा दिवा आधी कामावर भेटला, आणि त्या दिव्याने त्याची झोप घेतली. त्याच्या खोलीत रॉकेलची चिमणी आणि कंदील त्यानंतरही बराच काळ राहिले. हे आठवलं की घरातल्या दिव्यांचा विचार मला चैनीचा वाटत नाही. ज्या कामासाठी, ज्या वेळी, जितका हवा तितका उजेड आपल्या घरात असणं ही इथल्या माणसांना फार उशिरा मिळालेली गोष्ट आहे, आणि ती नीट वापरली पाहिजे.

आता चाळीच्या खोलीकडे पाहू. बीडीडी चाळी बांधल्या त्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सुरू झालेल्या योजनेतून, १९२०च्या दशकात. तळमजला आणि वर तीन मजले, इमारतीला ८० खोल्या, मधून बोळ आणि मजल्यावर सामायिक संडास. खोली साधारण दहा बाय सोळा. या एका खोलीत सकाळी स्वयंपाकघर असे, दुपारी रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोपायची खोली, संध्याकाळी अभ्यासिका, पाहुणे आले की दिवाणखाना आणि रात्री सात-आठ जणांची अंथरुणं. खोली तीच राही आणि तिचं काम दिवसातून पाच वेळा बदले. सामान त्या बदलाच्या आड येता कामा नये, हा तिथला अलिखित नियम होता.

म्हणून खाट विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली असे. वर आजोबा झोपत, खाली ट्रंका, गहू-तांदळाचे डबे आणि दिवसभराच्या वळकट्या राहत. पोटमाळ्यावर वर्षातून एकदा लागणारी भांडी, गणपतीचं मखर, गावाहून आलेली फणसाची पोळी आणि थोरल्या मुलाचं अंथरूण असे. भिंतीवर भांड्यांची मांडणी, दरवाजावर फळी, फळीवर देव, छताजवळ कपड्यांची वलणी. घडीच्या खुर्च्या खिळ्याला टांगलेल्या असत आणि कुणी आलं की उतरत. जेवण पाटावर किंवा सतरंजीवर. जेवण झालं की जमीन पुन्हा मोकळी.

गावकीच्या खोल्यांत तर हीच शिस्त आणखी कडक होती. कोकणातून, घाटावरून आलेले एकेका गावचे वीस-पंचवीस पुरुष एका खोलीत पाळ्यांप्रमाणे राहत. प्रत्येकाची जागा म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची लागे, आणि एकाने रिकाम्या केलेल्या जागी दुसरा पथारी पसरे. भोईवाड्यात आणखी एक गोष्ट असे, आणि आजही आहे. केईएम आणि टाटा ही रुग्णालयं इथून हाकेच्या अंतरावर. गावाकडचं कुणी आजारी पडलं की दाखवायला मुंबईत येणार, आणि उतरणार इथल्याच कुणाच्या तरी खोलीत. पाहुणा चार दिवसांचा की चार महिन्यांचा, ते आजार ठरवी. इथल्या घरात एक माणूस वाढेल ही शक्यता धरूनच सामान ठेवलं जाई.

घर कसं लावायचं हे घरात चालणाऱ्या कामावरून ठरतं, याचं एक थोर उदाहरण परळमध्येच आहे. दामोदर हॉलजवळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. त्यांच्याकडे ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या होत्या. एक कुटुंबाची आणि दुसरी वाचन-लेखनाची. अत्यंत थोड्या जागेतली निम्मी जागा पुस्तकांना देण्याचा तो निर्णय होता. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं तेही ग्रंथसंग्रहाला केंद्रस्थानी ठेवून. या घरात काय घडायला हवं, हे त्यांना स्पष्ट होतं आणि जागेची वाटणी त्यातून झाली. आपल्यापैकी प्रत्येकाला स्वतःच्या घराविषयी हा प्रश्न विचारता येतो.

चाळीचं हे शहाणपण सांगताना तिथल्या हालांवर पांघरूण घालायचं नाही. त्या खोलीत नवविवाहित जोडप्याला दोघांत बोलायला जागा नव्हती. मुलींना कपडे बदलायला आडोसा करावा लागे. दहावीची मुलं गॅलरीतल्या किंवा बोळातल्या दिव्याखाली अभ्यास करीत, कारण घरात दिवा लावला तर पहिल्या पाळीला जाणाऱ्याची झोप मोडे. आणि खोलीला दिवसातून पाच वेळा नवं रूप देण्याचं काम बहुतेक घरांत एकट्या बाईच्या अंगावर पडे. अंथरुणं घालणं, काढणं, पेट्या ओढणं, माळ्यावर चढणं आणि खाली बसून तासन्‌तास स्वयंपाक करणं यांनी तिचे गुडघे आणि कंबर गेली. चाळीतून घ्यायची ती व्यवस्थेची दृष्टी. तिचा भार एकाच्या अंगावर टाकायची रीत मात्र तिथेच सोडून यायची.

ज्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या त्याच दशकात जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्येही कामगारांसाठी घरं बांधली जात होती. तिथे १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्त्री वास्तुरचनाकाराने साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. स्वयंपाक करणारी बाई किती पावलं चालते, तिचा हात कुठवर पोहोचतो, कापताना उजेड कुठून येतो हे पाहून तिने ओटा, खण आणि खिडकी यांची जागा ठरवली. पीठ, डाळ, साखर यांसाठी ओतता येतील असे लहान खण, घडी होणारा इस्त्रीचा फळा, हवा तिथे सरकवता येणारा दिवा. अशी हजारो स्वयंपाकघरं बांधली गेली आणि आजच्या मॉड्युलर किचनचा वंश तिथपर्यंत जातो. आपल्याकडे तेव्हा खोली बांधून दिली गेली आणि आतलं सारं राहणाऱ्यांवर सोडलं गेलं. राहणाऱ्यांनी ते आपल्या अकलेने केलं. आज निदान आपण ती अक्कल आणि हे मोजमाप एकत्र आणू शकतो.

नव्या घरांत नेमकं काय बिघडतं, ते मोजूनच पाहावं. ५०० चौरस फुटांच्या दोन बेडरूमच्या घरात एक बेडरूम साधारण दहा बाय दहाची धरू. सहा फूट रुंदीचा पलंग आणि त्याच्या बाजूला दोन फूट खोलीचं कपाट ठेवलं की दहातले आठ फूट संपले. मधे दोन फूट राहिले. त्यात कपाटाचं दार उघडायचं, खण ओढायचा आणि माणसाने उभंही राहायचं. पलंग पाच फुटांचा घेतला तर तीन फूट मिळतात आणि तीच खोली वापरता येते. सहाचाच पलंग हवा असेल तर कपाटाला सरकती दारं लावावीत. एका फुटाचा हा प्रश्न दुकानात उभं राहून सुटत नाही, कारण दुकानाच्या मोठ्या दालनात सहा फुटांचा पलंग लहान वाटतो. घरी जमिनीवर खडूने किंवा वर्तमानपत्रं पसरून पलंगाचा आकार आखला आणि त्याच्याभोवती चालून पाहिलं की पाच मिनिटांत सुटतो. या पुस्तकात ही आखणी वारंवार सांगितली आहे, आणि तिला काही खर्च नाही.

दुसरं बिघडतं ते बसण्याच्या जागेत. एल आकाराचा मोठा सोफा हॉलचा निम्मा भाग कायमचा अडवतो. मग गणपतीत मखर कुठे ठेवायचं, बारशाला पाळणा कुठे बांधायचा, गावाहून आलेल्या चौघांना अंथरूण कुठे घालायचं असा प्रश्न दरवर्षी पडतो. आमच्या भागात गणपतीचे दिवस हे घराचं खरं माप आहेत. त्या दिवसांत हॉलची एक भिंत रिकामी करता येत नसेल तर फर्निचर जास्त झालं, असं समजावं. दोन माणसांचा सोफा, एक दिवाण आणि चार हलक्या खुर्च्या हे त्या सोफ्यापेक्षा जास्त माणसं बसवतात आणि हवं तेव्हा बाजूला होतात. दिवाणाच्या पोटात गाद्या राहतात, रात्री त्यावर एक जण झोपतो, दुपारी आजी त्यावर पाय पसरून बसते.

मापांविषयी थोडं. खुर्चीची किंवा सोफ्याची बैठक जमिनीपासून सोळा ते अठरा इंच असावी. घरात गुडघ्याचा त्रास असलेलं कुणी असेल तर अठराच्या जवळची, टणक आणि हाताला आधार असलेली. हल्लीच्या कितीतरी सोफ्यांची बैठक इतकी खाली आणि खोल असते की साठीच्या माणसाला उठताना दुसऱ्याचा हात लागतो. जेवणाचं टेबल तीस इंचांच्या आसपास. स्वयंपाकाचा ओटा बांधकाम करणाऱ्याने दिलेल्या उंचीवर सोडून देऊ नये. जी व्यक्ती सर्वांत जास्त वेळ तिथे उभी राहते तिच्या कोपरापासून चार-सहा इंच खाली तो यावा. कपडे हँगरला लावायचे तर कपाटाची खोली दोन फूट लागते, घड्या घालून ठेवायचे तर सव्वा-दीड फूट पुरते. आणि येण्याजाण्याच्या वाटेला अडीच फुटांपेक्षा कमी जागा सोडू नये. कुठलीही मोठी वस्तू घेण्याआधी लिफ्टचं दार, घराचं दार आणि जिन्याचं वळण मोजावं, हेही इथेच सांगून ठेवतो.

लाकडाबद्दल आपल्याकडे अजूनही सागवानाचा मान मोठा आहे आणि तो रास्त आहे. आजोबांचा सागवानी पलंग किंवा शिसवी टेबल असेल तर ते भंगारात देऊ नये. चांगला सुतार पलंगाची रुंदी कमी करतो, त्याच्या फळ्यांतून बाक किंवा शेल्फ करून देतो. बाकी काम आता प्लायवूडमध्येच होतं. तिथे ग्राहकाने एवढं तरी विचारावं की प्लाय कोणत्या दर्जाचा आहे. स्वयंपाकघरात आणि सिंकखाली आयएस ७१० दर्जाचा, बाकी खोल्यांत आयएस ३०३ मधला ओल सोसणारा बीडब्ल्यूआर दर्जा चालतो, आणि प्रत्येक फळीवर तसा शिक्का असतो. तयार मिळणारं स्वस्त फर्निचर बऱ्याचदा लाकडाच्या भुश्शाच्या फळीचं असतं. त्यावरचा सनमायका छान दिसतो, पण मुंबईच्या चार महिन्यांच्या दमट हवेत आणि रोज लादी पुसताना लागणाऱ्या पाण्यात त्या फळीची खालची कड फुगते. अशी वस्तू घ्यायचीच तर पायांवर उभी असलेली घ्यावी, सगळ्या कडांना पट्टी बसवलेली असावी आणि ती भिंतीपासून दोन बोटं दूर ठेवावी. पायांवर उभ्या फर्निचरखाली झाडू जातो, हवा खेळते, वाळवी लवकर दिसते आणि लादी दिसत राहिल्यामुळे खोली मोठी वाटते.

आता उजेड. बहुतेक घरांत अजून एका खोलीला छताजवळ एक पांढरी ट्यूब, असंच गणित असतं. त्याच्या उलट टोकाला फॉल्स सीलिंग आणि त्यात पंधरा-वीस स्पॉट. दोन्हींत चूक एकच आहे. उजेड खोलीला दिला जातो, कामाला दिला जात नाही. छतावरच्या दिव्याकडे पाठ करून ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली विळीवर किंवा पोळपाटावर पडते. तिथे वरच्या कपाटाखाली एक एलईडी पट्टी लावली की हात, सुरी आणि भाजी लख्ख दिसतात. अभ्यासाचंही तसंच आहे. दिवा दुप्पट अंतरावर नेला की कागदावर पडणारा त्याचा उजेड साधारण चौथाईवर येतो. म्हणून छतावर मोठा दिवा लावण्यापेक्षा टेबलावर पाच-सात वॅटचा दिवा जवळ ठेवणं केव्हाही चांगलं. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी तो डावीकडे हवा. बाजूला झोपलेल्याची झोपही त्यामुळे मोडत नाही. चाळीतल्या मुलांना गॅलरीत जावं लागलं, ते या एका लहान दिव्याअभावी.

दिवा घेताना फक्त वॅट पाहण्याची आपली सवय जुन्या पिवळ्या बल्बच्या काळातली आहे. वॅट म्हणजे वीज किती खर्च होते. उजेड किती मिळतो ते ल्युमेनवर कळतं. साठ वॅटचा जुना बल्ब जेवढा उजेड देई तेवढा आज आठ-नऊ वॅटचा एलईडी देतो. १५० चौरस फुटांच्या खोलीला रोजच्या वावरासाठी दोन हजारांच्या आसपास ल्युमेन पुरतात, म्हणजे वीस वॅटची एक एलईडी बॅटन. मग त्याला कामाच्या जागी एकेक लहान दिव्याची जोड. खोक्यावर केल्विन हा आकडाही असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, विसाव्याचा उजेड. ४००० म्हणजे मधला, स्वयंपाकघराला आणि अभ्यासाला योग्य. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आपल्याकडे सगळ्या घरभर ६५०० लावायची पद्धत पडली आहे, आणि झोपायच्या खोलीत रात्री तोच लावून बसल्यावर डोळ्यांना शांतता मिळत नाही. तिसरा आकडा रंग किती खरे दिसतात ते सांगतो, त्याला सीआरआय म्हणतात. तो ८० पेक्षा कमी नको. स्वयंपाकघरात आणि कपाटासमोर ९० असेल तर कोथिंबीर ताजी आहे की नाही आणि साडीचा रंग जांभळा की निळा, हे घरातच कळतं. लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात दिवे घ्यायला गेलात तर दुकानदाराला हे तीन आकडे विचारा, तो लगेच वेगळ्या खणातून दिवे काढतो.

आणखी दोन गोष्टी. पंख्याच्या पात्यांच्या वर दिवा येईल अशी आखणी करू नये. पाती फिरली की खोलीभर उजेड लुकलुकतो आणि डोकं दुखतं. आणि म्हाताऱ्या माणसांसाठी पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर गुडघ्याखाली एक-दोन मंद दिवे लावावेत, रात्रभर चालू राहणारे. जुना झिरोचा बल्बही दहा-पंधरा वॅट खाई, आजचा रात्रीचा दिवा अर्ध्या वॅटवर चालतो. वय वाढतं तसा डोळ्याला अधिक उजेड लागतो, पण तो डोळ्यांवर येणारा नको, पावलांवर पडणारा हवा. घरात पडून मोडलेलं हाड आणि त्यानंतरचे महिने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या दोन दिव्यांचं मोल वेगळं सांगायला नको.

आता देखणेपणाकडे वळतो. उपयोगी वस्तू रुक्ष असते आणि सुंदर वस्तू महाग, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. त्याला उत्तर म्हणून मी इराण्याच्या हॉटेलातली खुर्ची दाखवेन. वाफेवर वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची ती खुर्ची युरोपातून आली. मिखाएल थोनेट या जर्मन कारागिराने १८५९ साली तिचा मूळ नमुना केला. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर ती उभी राहायची, आणि सुटे भाग करून अशा ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. एका हाताने उचलता येणारी, वर्षानुवर्षं टिकणारी आणि तरीही डोळ्यांना सुखावणारी. दादर-परळच्या गिरणी कामगाराने पाळी सुटल्यावर याच खुर्चीवर बसून चहा प्यायला आहे. जगातल्या उत्तम फर्निचरपैकी एकावर बसण्यासाठी त्याला श्रीमंत व्हावं लागलं नाही. तिच्यात चांगलं दिसण्यासाठी म्हणून वेगळं काही लावलेलं नाही. जे आहे ते भार पेलायला आहे आणि ते नीट केलेलं आहे.

घराचंही सौंदर्य असंच साधतं. एका खोलीत लाकडाचा एकच रंग ठेवावा, भिंती फिक्या, एखादीच गोष्ट ठळक. मग ती आईने विणलेली गोधडी असेल, आजोबांचा गिरणीतला फोटो असेल किंवा खिडकीतली तुळस. सगळ्या भिंतींवर कपाटं चढवली की खोली गोदाम होते. एक भिंत मोकळी राहू द्यावी. शोकेसमध्ये पाहुण्यांसाठी काचेचे सेट मांडून ठेवण्यापेक्षा तीच भांडी रोज वापरावीत. घर राहणाऱ्यांसाठी लावलं की पाहुण्यालाही तिथे बरं वाटतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

पुस्तकाची रचना खोल्यांप्रमाणे आहे. आधी उंबरठा आणि हॉल, मग स्वयंपाकघर, बेडरूम, मुलांची जागा, आजारी आणि वृद्ध माणसाची जागा, बाल्कनी आणि शेवटी देव्हारा. प्रत्येक प्रकरणात आधी त्या जागेतला दिवस मांडला आहे, मग मापं, मग सामान, मग उजेड. शेवटी खर्च तीन टप्प्यांत कसा विभागावा ते दिलं आहे, कारण चावी मिळाली त्याच महिन्यात सगळं घर लावून टाकायला हवं असं नाही. पहिल्या टप्प्यात विजेच्या जोडण्या आणि दिवे, स्वयंपाकघर आणि झोपायची सोय. सहा महिने राहून झाल्यावर कपाटं. बाकीचं त्यानंतर. विजेच्या पॉइंटच्या जागा मात्र आधीच विचारपूर्वक ठरवाव्यात, कारण रंगकाम झाल्यावर भिंत फोडणं महाग पडतं. कर्ज काढून इंटिरिअर करण्याचा मोह फार जणांना होतो. घर पुनर्विकासात मिळालेलं असलं तरी त्याचा देखभाल खर्च दर महिन्याला भरावा लागतो, हे लक्षात ठेवूनच हात सैल सोडावा.

हे पुस्तक एकट्याने वाचू नये, अशी माझी विनंती आहे. घर लावायचा निर्णय आजवर कमावणाऱ्याने पैसे मोजून आणि सुताराने सवयीने घेतला. ओट्याशी उभी राहणारी, रात्री तीनदा उठणारे, जमिनीवर बसून अभ्यास करणारा यांना कुणी विचारलं नाही. म्हणून टेप घेऊन बसण्याआधी घरातल्या प्रत्येकाला एक कागद द्या. आपला आठवड्यातला एक साधा दिवस त्याने तासातासाने लिहावा. कुठे बसतो, काय करतो, काय सापडत नाही, कुठे अंधार वाटतो. लहान मुलाने चित्र काढलं तरी चालेल आणि आजीने सांगितलेलं नातीने लिहून घेतलं तरी चालेल. ते कागद एकत्र ठेवून वाचा, मग पहिलं प्रकरण उघडा. दुकानात जाताना ते कागद बरोबर न्या. विक्रेता तुम्हाला काय आवडतं ते विचारेल, आणि तुम्हाला काय लागतं ते तुमच्या हातात असेल.

भोईवाडा, परळ